बोर्डिंगमधून काढून टाकलेला विद्यार्थी : कर्मवीर भाऊराव पाटील

दरवर्षी जून महिना आला की आपल्या ओळखीतल्या कुठल्या ना कुठल्या घरी बॅग भरण्याची गडबड सुरू होते. मुलगा किंवा मुलगी होस्टेलवर निघालेली असते. आई लाडू-चिवड्याचे डबे भरत असते, वडील पुन्हा पुन्हा तिकीट तपासत असतात आणि आजी देवापुढे साखर ठेवून डोळे पुसत असते. आपण मराठी माणसे महाराष्ट्राबाहेर येऊन स्थिरावलो, त्यातही कितीतरी जणांची वाट अशाच एखाद्या वसतिगृहातून गेलेली आहे. आपल्या मंडळातील ज्येष्ठांना जरा बोलते करा. कोणी कोल्हापूरच्या बोर्डिंगची आठवण सांगेल, कोणी साताऱ्याची, कोणी पुण्याची. गावाहून एसटीने येणारा भाकरीचा डबा, रांगेतली आंघोळ, रेक्टरची शिट्टी आणि कंदिलाच्या उजेडातला अभ्यास!

होस्टेलच्या जुन्या मित्रांची गाठ पडली की पहिला प्रश्न ठरलेला असतो. अमक्याचे पुढे काय झाले? मग एकेकाचा हिशेब मांडला जातो. हा इंजिनिअर झाला, तो कलेक्टर झाला, तिसरा परदेशी गेला, चौथ्याचे मात्र काही जमले नाही. हा हिशेब मांडण्यात गैर काही नाही. पण या हिशेबात बसवायचे म्हटले तर ज्याचे अजिबात काही जमले नाही, असे नक्की म्हणावे लागेल अशा एका बोर्डिंगच्या विद्यार्थ्याची कथा या वर्षी आपल्यासमोर मांडत आहे. हा विद्यार्थी मॅट्रिक पास झाला नाही. गणितात नापास झाला. एवढेच नव्हे, तर त्याला बोर्डिंगमधून काढून टाकण्यात आले. त्याचे नाव भाऊराव पायगोंडा पाटील. पुढे लोकांनी त्यांना कर्मवीर म्हटले आणि तेच नाव कायम झाले.

बालपण

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर परिसरातील कुंभोज या गावी झाला. हे त्यांचे आजोळ. घराणे जैन. मूळ पुरुष कर्नाटकातील मूडबिद्रीकडून आले, असे या घराण्याबद्दल सांगितले जाते. पुढे हे घराणे आजच्या सांगली जिल्ह्यातील ऐतवडे बुद्रुक येथे स्थायिक झाले आणि पाटील म्हणून ओळखले जाऊ लागले. म्हणजे प्रांत ओलांडून दुसऱ्या मातीत रुजणे या घराला नवे नव्हते. आपल्यासारख्या परप्रांतात राहणाऱ्यांना ही गोष्ट जवळची वाटावी.

वडील पायगोंडा सरकारी नोकरीत होते आणि त्यांच्या बदल्या होत असत. त्यामुळे भाऊरावांचे प्राथमिक शिक्षण वेगवेगळ्या गावी झाले. अभ्यासापेक्षा पोहणे, कुस्ती आणि रानात हिंडणे यात त्यांचा जीव रमे. स्वभाव हूड, पण अन्याय दिसला की अंगाचा तिळपापड होई. विहिरीवर अस्पृश्य मानलेल्या लोकांना पाणी भरू दिले जात नाही, हे पाहून या मुलाने संतापाने त्या विहिरीचा रहाट मोडून टाकला, अशी त्यांच्या लहानपणीची गोष्ट सातारा-सांगलीकडे आजही सांगतात. आम्हाला पाणी नाही तर कोणालाच नाही, असा तो बाळबोध न्याय होता. रहाट मोडून कोणाला पाणी मिळत नाही, हे कळायला पुढची काही वर्षे जावी लागली.

वसतिगृहांचे कोल्हापूर

प्राथमिक शिक्षण संपल्यावर भाऊराव इंग्रजी शिक्षणासाठी कोल्हापूरला आले आणि राजाराम हायस्कूलमध्ये दाखल झाले. त्या काळचे कोल्हापूर म्हणजे वसतिगृहांचे गाव. याचे श्रेय राजर्षी शाहू छत्रपतींचे. शाहू महाराज स्वतः एका अर्थी बोर्डिंगचेच विद्यार्थी! १८८५ ते १८८९ या काळात ते राजकोटच्या राजकुमार कॉलेजात राहून शिकले. हे कॉलेज संस्थानिकांच्या मुलांसाठी होते. पुढे धारवाडला फ्रेझर साहेबांच्या देखरेखीखाली त्यांचे शिक्षण झाले आणि १८९४ साली त्यांनी राज्यकारभार हाती घेतला.

राजपुत्रांसाठी घरापासून दूर राहून शिकण्याची जी सोय होती, ती शेतकऱ्याच्या पोराला का नसावी, असा विचार ज्याच्या कृतीत दिसतो असा हा राजा होता. खेड्यातल्या मुलाला शाळा बंद नव्हती, पण शाळा शहरात आणि तो खेड्यात. शहरात राहायचे कुठे आणि जेवायचे कुणाकडे, हा खरा प्रश्न. फी माफ करून हा प्रश्न सुटत नव्हता. महाराजांनी आधी सर्व जातींच्या मुलांसाठी एकच वसतिगृह चालवून पाहिले, पण ते साधले नाही. एका पंगतीला बसायला समाजच तयार नव्हता. तेव्हा त्यांनी व्यवहारी मार्ग काढला. १९०१ साली मराठा विद्यार्थ्यांसाठी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले. पाठोपाठ जैन, मुसलमान, लिंगायत अशा एकेका समाजाची बोर्डिंगे उभी राहिली. महाराजांनी जागा दिल्या, इमारती दिल्या, उत्पन्ने लावून दिली. १९०८ साली अस्पृश्य मानलेल्या जातींच्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग सुरू झाले.

या बोर्डिंगांनी हजारो मुलांना शिकवले, यात शंका नाही. पण प्रत्येक बोर्डिंगला जातीचे दार होते. ज्याचा त्याचा चुलादेखील वेगळाच होता.

एका आंघोळीची गोष्ट

भाऊराव जैन बोर्डिंगमध्ये राहत होते. बोर्डिंगची व्यवस्था अण्णासाहेब लठ्ठे यांच्याकडे होती. लठ्ठे हे विद्वान आणि सुधारक वृत्तीचे गृहस्थ. पुढे ते कोल्हापूरचे दिवाण झाले आणि १९३७ साली मुंबई इलाख्याचे अर्थमंत्रीही झाले. पण बोर्डिंगचे नियम कडक होते आणि सोवळ्या-ओवळ्याचे बंधन पाळावे लागे.

मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला भाऊराव गेले. तिथे अस्पृश्य मानलेल्या मुलांमध्ये मिसळले. परत आल्यावर बोर्डिंगच्या रिवाजाप्रमाणे त्यांनी आंघोळ करून मगच भोजनगृहात जायला हवे होते. भाऊरावांनी आंघोळ करायला नकार दिला. माणसांना भेटून आलो, विटाळ कसला झाला, अशी त्यांची भूमिका होती. प्रकरण वाढले आणि भाऊरावांना बोर्डिंग सोडावे लागले.

विचार करा, वीस-एकवीस वर्षांचा मुलगा, परगावी, हातात पदवी नाही, पैसा नाही आणि डोक्यावरचे छप्पर गेलेले. एक तांब्या पाणी अंगावर ओतून घेतले असते तर सगळे मिटले असते! त्यांनी ते केले नाही. शाहू महाराजांना कुस्तीगीर, धडधाकट आणि निर्भय मुले आवडत. त्यांनी भाऊरावांना आपल्याकडे आसरा दिला. शाळेत मात्र गणिताने दगा दिला. महाराजांनी शब्द टाकूनही हेडमास्तरांनी नापास मुलाला वर चढवायला नकार दिला, असे सांगतात. राजाच्या शब्दापुढेही न वाकणारा तो हेडमास्तर आणि नियमापुढे न वाकणारा हा विद्यार्थी, दोघेही एकाच मातीतले म्हणायचे! भाऊरावांचे शालेय शिक्षण तिथेच संपले.

याच सुमारास त्यांचे लग्न कुंभोजच्या आदाक्का यांच्याशी झाले. सासरी त्यांचे नाव लक्ष्मीबाई. पोटापाण्यासाठी भाऊरावांनी मुंबईला जाऊन नशीब अजमावले, ते जमले नाही. साताऱ्यात येऊन ते शिकवण्या घेऊ लागले आणि लोक त्यांना पाटील मास्तर म्हणू लागले. त्याच काळात दुधगाव येथे मित्रांच्या साहाय्याने सर्व जातींच्या मुलांसाठी एक विद्यार्थी आश्रम सुरू झाला. जे कोल्हापुरात नव्हते, त्याचे पहिले बीज इथे पडले.

खोटी साक्ष

आता या चरित्रातला सर्वात कठीण प्रसंग. १९१४ साली कोल्हापुरात ब्रिटिश राजघराण्यातील पुतळ्याला कोणीतरी डांबर फासले. इंग्रजी अमलात हा मोठाच गुन्हा. पोलिसांचा रोख अण्णासाहेब लठ्ठे यांच्याकडे वळला. पुरावा नव्हता. तो उभा करण्यासाठी साक्षीदार हवा होता. लठ्ठ्यांनी ज्याला बोर्डिंगमधून घालवले, त्या भाऊरावांपेक्षा सोयीचा साक्षीदार कोण मिळणार? मनात राग असेल, सूड घेण्याची संधी आहे, सहज सही करील, असा पोलिसांचा हिशेब असावा.

भाऊरावांनी खोटी साक्ष द्यायला साफ नकार दिला. मग त्यांनाच तुरुंगात टाकले. मारहाण झाली, छळ झाला. तो इतका असह्य होता, की त्यांनी जीव देण्याचाही प्रयत्न केला. पण लठ्ठ्यांच्या विरुद्ध एक खोटा शब्द त्यांच्या तोंडून निघाला नाही. अखेर त्यांची सुटका झाली.

ज्या माणसाने आपल्याला घराबाहेर काढले, त्याच माणसाला वाचवण्यासाठी आपल्या देहाचे हाल सोसणे, याला काय म्हणावे? भाऊरावांचे भांडण अण्णासाहेबांशी नव्हतेच, ते त्या आंघोळीशी होते. माणसाशी वैर न धरता रिवाजाशी लढता येते, हे त्यांनी तुरुंगाच्या कोठडीत दाखवून दिले. शाळेतल्या गणितात नापास झालेला हा विद्यार्थी या परीक्षेत मात्र पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाला, असेच म्हटले पाहिजे.

नांगर विकता विकता

तुरुंगातून सुटल्यावर भाऊरावांनी कारखानदारांकडे नोकरी धरली. ओगलेवाडीच्या काचकारखान्याचे काम केले, मग किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकण्यासाठी ते गावोगाव हिंडू लागले. शेतकरी नव्या नांगराला सहजासहजी हात लावत नसत. त्यांच्या बांधावर बसून, त्यांच्या बोलीत समजावून सांगावे लागे. या भटकंतीत त्यांनी खेडे आतून पाहिले. हुशार पोरे गुरांमागे धावताना दिसली. सावकाराने पुढे केलेल्या कागदावर अंगठा उठवणारे बाप दिसले. नांगराने जमीन उलटेल, पण डोके कसे उलटणार, हा प्रश्न त्यांच्या मनात घर करून बसला. पुढे धनजीशा कूपर यांच्या कारखान्याच्या उभारणीतही त्यांनी भाग घेतला. नफ्यातला वाटा शिक्षणासाठी मिळावा, ही त्यांची अपेक्षा. ते घडेना, तेव्हा त्यांनी तोही मार्ग सोडला.

महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक विचाराचे संस्कार त्यांच्यावर झालेलेच होते. १९१९ साली कराड तालुक्यातील काले या गावी सत्यशोधक समाजाची परिषद भरली. तिथे शिक्षणसंस्था काढण्याचा ठराव झाला आणि ४ ऑक्टोबर १९१९ रोजी, विजयादशमीच्या मुहूर्तावर, रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. रयत म्हणजे कुणब्यापासून बलुतेदारापर्यंत सगळी सामान्य प्रजा. नावातच सारे काही आले. काले येथे पहिले वसतिगृह निघाले. १९२४ साली संस्थेचे ठाणे साताऱ्याला आले आणि तिथे मोठे बोर्डिंग सुरू झाले.

एक चूल, एक पंगत

साताऱ्याच्या बोर्डिंगमध्ये मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान अशी सगळ्या जातीधर्मांची मुले एकत्र राहू लागली. एकच चूल, एकच पंगत. मुलेच स्वयंपाक करीत, पाणी भरीत, भांडी घासत. आज कोणाची पाळी, एवढाच प्रश्न असे. कोणाची जात, हा नसे. शंभर वर्षांपूर्वीच्या साताऱ्यात हे किती धाडसाचे होते, याची कल्पना आज येणे कठीण आहे. गावातून टीका झाली. आपला मुलगा बाटला, म्हणून त्याला परत न्यायला आलेले पालक असत. भाऊराव त्यांना समजावून सांगत आणि पोरगे बहुधा परत जात नसे.

या पंगतीच्या मागे लक्ष्मीबाई उभ्या होत्या. त्या सोवळ्या-ओवळ्याच्या घरात वाढलेल्या. सुरुवातीला त्यांना हे सगळे जड गेले असणार. पण एकदा मुलांना आपले म्हटल्यावर त्यांनी मागे पाहिले नाही. आजारी मुलाच्या उशाशी त्या बसल्या, लहानग्यांना न्हाऊ घातले, रडणाऱ्यांना जवळ घेतले. भाऊराव धान्य आणि देणग्या गोळा करायला गावोगाव हिंडत आणि इकडे कोठी रिकामी होई. तेव्हा लक्ष्मीबाईंच्या अंगावरचा एकेक दागिना जाई. माहेरचे आणि सासरचे सगळे सोने असे मुलांच्या पोटात गेले. एक दिवस घरात धान्याचा दाणा उरला नाही, मुले उपाशी राहणार असे दिसू लागले, तेव्हा या माउलीने गळ्यातले मंगळसूत्र काढून दिले. नवरा हयात असताना मंगळसूत्र उतरवणे म्हणजे काय, हे आपल्या आया-बहिणींना वेगळे सांगायला नको. १९३० साली लक्ष्मीबाई गेल्या. स्वतःचे सोने उरले नव्हते, पण शेकडो मुलांची ती आई होती.

१९२७ साली महात्मा गांधी साताऱ्यास आले, त्यांनी हे बोर्डिंग पाहिले आणि त्यांच्याच हस्ते त्याचे छत्रपती शाहू बोर्डिंग असे नामकरण झाले. ज्या राजाने बोर्डिंगमधून काढलेल्या मुलाला आसरा दिला, त्याचे नाव या बोर्डिंगला लागले. राजर्षींचे निधन १९२२ सालीच झाले होते. त्यांनी जातवार काढलेली बोर्डिंगे त्या काळाची गरज होती. सर्वांसाठी एक बोर्डिंग हे त्यांचे अपुरे राहिलेले काम त्यांच्या आश्रिताने पुरे केले.

पुढे १९३२ साली पुणे कराराच्या स्मरणार्थ पुण्यात युनियन बोर्डिंग निघाले. सवर्ण आणि अस्पृश्य मानलेल्या मुलांनी एकत्र राहणे, हाच त्या कराराचा खरा अर्थ, असे भाऊरावांनी कृतीने सांगितले.

कमवा आणि शिका

मुले वाढली, पैसा कुठून आणायचा? भाऊरावांनी दुहेरी उत्तर शोधले. एक म्हणजे लोकांकडे जायचे. सुगीच्या दिवसांत गावोगाव फिरून खळ्यावरून धान्य मागायचे. ज्याला रुपया देता येत नाही तो पायलीभर जोंधळा देऊ शकतो. त्यामुळे संस्था शेतकऱ्याला आपली वाटू लागली. दुसरे उत्तर म्हणजे मुलांचे स्वतःचे श्रम. मुलांनी माळरान फोडून शेती केली, भाजीपाला पिकवला, दगड फोडले, माती वाहिली, इमारतींच्या कामावर राबली. फुकट शिकलो, ही भावना मुलाच्या मनात राहू नये, मान ताठ राहावी, हा त्यामागचा हेतू. यालाच कमवा आणि शिका असे नाव पडले. १९४० साली साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल सुरू झाले. बडोद्याच्या गुणग्राही राजाचे नाव दिलेली ही शाळा श्रमाच्या या तत्त्वावर चालली.

शाळांना शिक्षक हवेत म्हणून १९३५ साली अध्यापक विद्यालय निघाले. मुलींसाठी १९४२ साली जिजामाता अध्यापिका विद्यालय सुरू झाले. डोंगरकपारीच्या गावांत, जिथे सरकारी शाळा पोचली नव्हती तिथे, व्हॉलंटरी शाळा निघाल्या. देवळाच्या ओवरीत किंवा चावडीत एक शिक्षक शाळा भरवी. अशा पाचशेहून अधिक शाळा उभ्या राहिल्या. बेचाळीसच्या चळवळीत अनेक भूमिगतांना बोर्डिंगने आसरा दिला.

१९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झाले. एका धनिकाने मोठी देणगी देऊन स्वतःचे नाव लावण्याची अट घातली, पण भाऊरावांनी शिवछत्रपतींचे नाव बदलायला नकार देऊन ती देणगी परत केली, असे सांगतात. संस्थेला पैशांची केवढी निकड होती, हे लक्षात घेतले म्हणजे या नकाराची किंमत कळते. १९५४ साली कऱ्हाडला सद्गुरू गाडगे महाराज कॉलेज निघाले. संत गाडगेबाबांचा आणि भाऊरावांचा स्नेह मोठा. स्वातंत्र्यानंतर भाऊरावांनी सरकारवर कडक टीका केली आणि त्यापायी संस्थेचे अनुदान बंद झाले. तेव्हा गाडगेबाबांनी मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांच्याकडे रदबदली केली आणि अनुदान पुन्हा सुरू झाले. एक अक्षरशत्रू संत आणि एक मॅट्रिकही न झालेला शिक्षक, या दोघांच्या स्नेहावर कितीतरी पोरांची पदवी उभी आहे!

मुलांचे पुढे काय झाले?

आता आपल्या ठरलेल्या प्रश्नाकडे येऊ. या बोर्डिंगांतल्या मुलांचे पुढे काय झाले?

पहिले नाव ज्ञानदेव घोलप यांचे. अस्पृश्य म्हणून वर्गाबाहेर बसवलेल्या या हुशार मुलाला भाऊरावांनी तरुणपणीच पाहिले, आपल्या घरी नेले आणि कोल्हापूरला मिस क्लार्क बोर्डिंगमध्ये दाखल केले. हेच घोलप पुढे बाबासाहेब आंबेडकरांनी काढलेल्या मूकनायक पत्राचे संपादक झाले आणि मुंबई कायदे कौन्सिलचे सभासदही झाले. वर्गाच्या उंबऱ्याबाहेर बसलेला मुलगा कायदेमंडळाच्या आत जाऊन बसला.

दुसरे नाव बॅरिस्टर पी. जी. पाटील यांचे. गरीब घरातून ते शाहू बोर्डिंगमध्ये आले, तिथे वाढले, इंग्लंडला जाऊन बॅरिस्टर झाले. मुंबईत वकिली करून गाडी-बंगला मिळवणे त्यांना कठीण नव्हते. पण ते परत रयतेत आले, प्राचार्य झाले आणि पुढे कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. महात्मा फुल्यांचे लेखन त्यांनी इंग्रजीत नेले आणि आपल्या गुरूचे विस्तृत इंग्रजी चरित्रही लिहिले. मॅट्रिक न झालेल्या माणसाच्या पंगतीत जेवलेला मुलगा विद्यापीठाचा कुलगुरू झाला!

रयतेत काम करून बाहेर पडलेल्यांनीही तीच वाट पुढे नेली. बापूजी साळुंखे यांनी १९५४ साली कोल्हापुरात स्वामी विवेकानंद शिक्षण संस्था काढली आणि खेड्यापाड्यांत शाळा उभ्या केल्या. प्राध्यापक एन. डी. पाटील यांनी तरुणपणी साताऱ्यात रयतेत शिकवले, पुढे आमदार व मंत्री झाले, पण रयतेशी नाते त्यांनी २०२२ सालच्या अखेरच्या दिवसापर्यंत जपले.

ही झाली ठळक नावे. पण बहुसंख्य मुलांची नावे कुठे छापून आली नाहीत. ती प्राथमिक शिक्षक झाली, तलाठी झाली, ग्रामसेवक झाली, पोस्टात आणि रेल्वेत लागली, फौजेत गेली. कोणी महाराष्ट्र सोडून दूर प्रांतात गेले आणि तिथेच राहिले. त्यांनी धाकट्या भावाला शिकवले, बहिणीला शाळेत घातले, गावाकडच्या पुतण्याला आपल्या दोन खोल्यांत ठेवून घेतले. आपल्या मंडळातल्या कितीतरी घरांनी पूर्वी असा एखादा पुतण्या, एखादा भाचा सांभाळलेला आहे. ते घरही त्या मुलापुरते बोर्डिंगच होते!

अखेर

पांढरी दाढी, अंगात जाडीभरडी खादी, खांद्यावर घोंगडे, हातात काठी. भाऊरावांचे हे रूप त्या पिढीच्या डोळ्यांपुढे कायमचे राहिले. १९५९ साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण दिले आणि पुणे विद्यापीठाने सन्माननीय डी.लिट. पदवीने गौरवले. राजाराम हायस्कुलात जो वर चढू शकला नाही, त्याला विद्यापीठाने सर्वात वरच्या पायरीवर नेऊन बसवले. त्याच वर्षी ९ मे रोजी पुण्यात त्यांची प्राणज्योत मालवली. त्यांची समाधी साताऱ्यात, आपल्या मुलांच्या सहवासात आहे.

रयतेचे बोधचिन्ह वटवृक्षाचे आहे. वडाच्या फांदीला पारंब्या फुटतात, त्या जमिनीत उतरतात आणि स्वतःच खोड होतात. आज संस्थेच्या चारशेहून अधिक माध्यमिक शाळा आणि चाळीसच्या आसपास महाविद्यालये आहेत. महाराष्ट्राबाहेर कर्नाटकातही तिचे काम आहे. मूडबिद्रीहून आलेल्या घराण्याच्या वंशजाने लावलेल्या झाडाची एक पारंबी पुन्हा कर्नाटकाच्या मातीत उतरली, असेच म्हणावे लागेल.

शाहू महाराज राजकोटहून शिकून आले आणि त्यांनी रयतेच्या मुलांसाठी दारे उघडली. भाऊरावांना एका दारातून बाहेर काढले, तेव्हा त्यांनी कोणालाच बाहेर न काढणारे दार बांधले. त्या दारातून आत आलेल्यांनी पुढच्यांसाठी आणखी दारे उघडली. बोर्डिंगच्या विद्यार्थ्याचे पुढे काय झाले, या प्रश्नाचे खरे उत्तर हेच. तो किती मोठा झाला, हे विचारावेच. पण त्याच्यामागून येणाऱ्याला त्याने कुठले दार उघडून दिले, हेही विचारावे.

येत्या जूनमध्ये आपल्या घरातले मूल होस्टेलवर निघेल तेव्हा डब्यात दोन लाडू जास्त घाला, आणि खोलीतल्या परक्या गावच्या, परक्या भाषेच्या मुलाला ते आधी द्यायला सांगा. कर्मवीरांच्या पंगतीची आठवण ठेवण्याचा याहून सोपा मार्ग नाही.

या थोर शिक्षणमहर्षीस आणि रयतमाउली लक्ष्मीबाईंना आपल्या सर्वांतर्फे विनम्र अभिवादन!